पेटीला नावं ठेवण्याआधी हा कागद रंगवा

दिल्लीच्या कमानी सभागृहात गाणं ऐकून कोपर्निकस मार्गावर बाहेर पडणाऱ्या, जुन्या महाराष्ट्र सदनाच्या दिशेने गप्पा मारत जाणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती आहे. ‘पेटीने गंधार बिघडवला’ असं खुशाल म्हणा. पण कोणता गंधार आणि किती बिघडवला, हे एकदा स्वतः तपासा. त्याला एक रविवार, एक कागद आणि रंगीत पेन्सिली पुरतात.

तक्रार खरी आहे. बाजारातल्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सप्तक १२०० सेंटचं धरलं, तर लागलेल्या तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ३८६ वर येतो, पेटीचा ४०० वर. पंचमात मात्र जेमतेम दोन सेंटचा फरक पडतो. म्हणून षड्ज-पंचमावर निवांत बसलेल्याला पेटी सुरेल वाटते आणि गंधारावर थांबलेल्याला ती टोचते.

यावर सरकारी उपाय झाला बंदीचा. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटी बाहेर काढली. पुढे दहा वर्षं नभोवाणी खातं सांभाळणारे बाळकृष्ण केसकर मराठीच, पण त्यांनीही दार उघडलं नाही. १९७१ मध्ये बंदी थोडी सैल झाली. दुसरा उपाय सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांचा. त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या मुलकी अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटीच घडवायला घेतली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी तोच धागा पुढे नेला: षड्ज-पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांच्या दोन-दोन श्रुती, एकूण बावीस, खुंटी ओढली की श्रुती बदलते. मला हा दुसरा मार्ग आवडतो. त्यात भांडण कमी आणि सुतारकाम जास्त आहे.

आता तिसरा मार्ग आला आहे, षट्कोनी पट्ट्यांच्या कीबोर्डचा. मधाच्या पोळ्यासारखी रचना, प्रत्येक पट्टीला सहा शेजारी. ल्युमाटोन नावाच्या अशा वाद्यावर २८० पट्ट्या आहेत आणि प्रत्येकीचा स्वर व रंग आपण ठरवायचा. एकाच दिशेच्या शेजाऱ्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवायचं, त्यामुळे पांढरी एकवरून काळी चारवर गेलात तरी बोटांची चाल तीच राहते. आपल्या पेटीवाल्यांना गायक बदलला की काय कसरत करावी लागते, हे त्यांनाच विचारा.

हे वाद्य महाग आहे. ते घेऊ नका, निदान इतक्यात नको. त्याचा नकाशा मात्र फुकट आहे.

सप्तकाचे ५३ सारखे भाग करा. इंग्रज अभ्यासक बोसांकेट यांनी १८७० च्या दशकात अशा ५३ भागांची पेटी करवून घेतली होती. एक भाग साधारण २२.६ सेंटचा. पंचम ३१ व्या भागावर जवळजवळ तंतोतंत बसतो, तानपुऱ्याचा गंधार १७ व्या भागाच्या दीड सेंट वर राहतो.

आता षट्कोनांच्या पाच आडव्या ओळी काढा. वरून दुसऱ्या ओळीत डावीकडच्या पहिल्या घरात षड्ज, म्हणजे शून्य. नियम एवढाच: उजवीकडचं घर ९ ने चढं, उजवीकडे तिरकं वरचं ५ ने, उजवीकडे तिरकं खालचं ४ ने. षड्जाच्या उजवीकडे ९ वर चढा रिषभ येईल, तिरकस वर ५ आणि तिरकस खाली ४ वर कोमल रिषभाच्या दोन्ही श्रुती. दोन घरं उजवीकडे १८, तो चढा गंधार. त्याच्या सरळ खाली, एक ओळ सोडून, १७, तो तानपुऱ्याचा. घरं भरत जा आणि त्यातली बावीस श्रुतींची व तार षड्जाची तेवढी रंगवा. वरच्या ओळीत तीन, मधल्या तिन्हींत सहा-सहा, तळाला दोन रंगतील. ही तेवीस घरं झाली. त्यातलं ५३ चं घर तार षड्जाचं, ते सोडून बरोब्बर बावीस. तार षड्ज दोन ओळी खाली उतरलेला दिसेल. सुरुवातीला बोटं तिथे चुकतात, पण रचनाच तशी आहे.

कागद तयार झाला की तानपुरा लावा आणि भूप गा, मग देसकार. स्वर तेच. तरी पुष्कळ गवई देसकाराचा धैवत चढा मानतात. तुमचा ३९ वर पडतो की ४० वर? घरातल्या दुसऱ्या माणसाला कागदाकडे पाठ करून ऐकायला बसवा. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर दोन्ही घरांत आपापलं नाव लिहा. तो वाद कागदापुरता ठेवा, जेवणाच्या ताटावर नेऊ नका.

या घरांना कुलूप मात्र लावू नका. जैरझभॉय आणि स्टोन या अभ्यासकांनी १९६३ मध्ये कलावंतांचे स्वर मोजले, तेव्हा ते ठरावीक जागी बसलेले आढळले नाहीत. दरबारीचा आंदोलित गंधार कुठल्याच एका घरात राहणार नाही आणि मींड तर घरांच्या भिंतीच ओलांडते. नकाशा मुक्कामाच्या जागा दाखवतो, चाल गळ्याची.

क्लास घेणाऱ्यांनी हा कागद मुलांना एकदा तरी रंगवायला द्यावा, पण आकडे घोकून घेऊ नयेत. ज्यांना पुढे कीबोर्ड घ्यायचाच आहे, त्यांनी दुकानात दोन गोष्टी विचाराव्यात: प्रत्येक पट्टीचा स्वर वेगळा लावता येतो का, आणि लावलेला साठवून ठेवता येतो का. उत्तर ‘नाही’ आलं तर तो नुसता देखणा षट्कोन आहे, पैसे परत खिशात ठेवा.