पुढची चाके पुढे, मागची मागे

ईदला मामूंनी दुबईहून धाकट्यासाठी खोके आणले. आत तयार खेळणे नव्हते, रिमोटवर चालणाऱ्या गाडीचे सुटे भाग होते. जपानच्या तामिया कंपनीची टीटी-०२, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, चारही चाकांना जोर असलेली. पुस्तिका इंग्रजीत आणि आणखी तीन भाषांत. पण काम सगळे चित्रांवरच चालते.

चार संध्याकाळी खपून गाडी उभी राहिली. रिमोट दाबला, मोटर गुरगुरली आणि गाडी जागच्या जागी थरथरू लागली. उचलून पाहिले तर पुढची चाके पुढे फिरत होती, मागची मागे. स्टिअरिंगही एका अंगाला ओढत होते. ते धाकट्याने बसवलेले, म्हणून आमचा सगळा राग त्याच्यावर निघाला. "मीच बिघडवली," म्हणत पोरगा न जेवता झोपायला गेला.

रात्री पुस्तिका पुन्हा उघडली. या गाडीत एकच लांब दांडा पुढच्या आणि मागच्या दोन्ही गिअरपेट्या फिरवतो. प्रत्येक पेटीत डिफरन्शियल असतो आणि त्याच्या एका अंगाला मोठी दातेरी चकती. दांड्याचे एक टोक पुढे तोंड करून असते, दुसरे मागे. म्हणून पुढच्या पेटीत चकती ज्या बाजूला, त्याच्या नेमक्या उलट बाजूला ती मागच्या पेटीत हवी. आम्ही दोन्हीकडे एकाच बाजूला बसवली होती. उलटा बसवला तरी तो भाग कुठे अडत नाही, निमूट बसतो. 'आम्ही' म्हणजे आम्हीच. "गिअर नाजूक असतात, तू फक्त स्क्रू निवडून दे," असे सांगून ती पेटी आम्ही त्याच्या हातून घेतली होती. सकाळी नाश्त्याला त्याला हे सांगितले. तो काही बोलला नाही, पेचकस घेऊन आला.

उघडण्याआधी बॅटरी काढली. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो घेतला आणि स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले, कारण लांबी थोडी चुकली तरी स्क्रू आतल्या भागाला टेकतो. पुस्तिकेत स्क्रू खऱ्या मापाचे छापलेले असतात. शंका आली की चित्रावर ठेवून पाहावा. हे आम्हाला तेव्हा कळले.

प्लास्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी तो उलटा फिरवायचा. 'टक्' असे हाताला जाणवले की तो जुन्या आट्यांत उतरलेला असतो. मग सरळ फिरवायचा, आणि डोके टेकले की थांबायचे. आमच्या मनगटाच्या जोराने एका भोकाचे आटे गेलेच होते. त्यात सुपरग्लूचा एक थेंब टाकून रात्रभर पूर्ण वाळू दिला, मग स्क्रू हलक्या हाताने घातला. धरला.

पेटी जोडल्यावर बॅटरी लावायच्या आधीच पुढची दोन्ही चाके हातांनी एकत्र पुढे फिरवून पाहिली. मागचीही पुढे आली. (चारही चाके मिळून उलटी फिरत असतील तर पेटी उघडू नये, मोटरच्या दोन तारा अदलाबदल केल्या की भागते.)

राहिले स्टिअरिंग. तिथे सर्व्हो मधोमध न आणताच त्याचा दांडा आवळला गेला होता. मोटरची तार काढून ठेवली, आधी रिमोट, मग गाडी चालू केली, रिमोटची ट्रिम शून्यावर आणली. सर्व्हो मध्यावर येऊन थांबला, तेव्हा दांडा सरळ बसवला. हे धाकट्याने एकट्याने केले. आम्ही हात मागे बांधून बसलो होतो, आणि ते सोपे नव्हते.

असरनंतर गाडी गच्चीवर धावली. बॉडी अजून रंगवायची आहे. ती पारदर्शक असते, रंग आतून द्यायचा आणि बाहेरचा पातळ पापुद्रा शेवटी सोलायचा. निळा रंग थोरलीला हवा आहे, हिरवा धाकट्याला. आम्हाला कोणी विचारलेले नाही.