देव्हाऱ्यातील देवी आणि घरातील स्त्री

देवीची उपासना हा मानवजातीचा सर्वांत जुना धर्म होय, आणि ज्या काळी देवी श्रेष्ठ होती त्या काळी स्त्रीही श्रेष्ठ होती, असे विधान नवरात्रातील व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. ते ऐकावयास गोड आहे आणि समाजाच्या अभिमानास सुखविणारेही आहे. परंतु या विधानाचे दोन भाग आहेत, आणि पहिला खरा ठरला म्हणून दुसरा आपोआप खरा ठरत नाही. देव्हाऱ्यात देवी असणे ही एक गोष्ट झाली. घरातील स्त्रीच्या शब्दास वजन असणे ही दुसरी. प्रागैतिहासिक मानवाने लेख मागे ठेवले नाहीत. त्याने ठेवल्या त्या मातीच्या मूर्ती, घरांच्या जोती, भांडी आणि थडगी. या प्रश्नी साक्ष काढावयाची ती त्यांचीच.

मातृसत्तेची कल्पना विद्वानांच्या चर्चेत आणली ती बाझेल येथील कायदेपंडित योहान याकोब बाखोफेन याने. मानवसमाज आरंभी मातेच्या अधिकाराखाली होता, पित्याची सत्ता मागाहून आली, असे त्याने १८६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रतिपादिले. पुढे विसाव्या शतकात मारिया गिम्बुटास या लिथुआनियात जन्मलेल्या विदुषीने युरोपातील असंख्य स्त्रीमूर्ती एकत्र मांडून तेथे एका महान देवीचा शांतताप्रिय धर्म नांदत होता असा पक्ष मांडला. परंतु १९६८ साली पीटर अको या इंग्रज संशोधकाने एक साधी शंका उपस्थित केली होती: प्रत्येक लहान स्त्रीमूर्ती देवीच कशावरून? ती मुलांची बाहुली असेल, नवसाची असेल, किंवा वयात येणाऱ्या मुलींना शिकविण्याचे साधनही असेल. या शंकेचे पूर्ण निरसन अद्याप झालेले नाही.

अशा मूर्तींतील फार जुनी मूर्ती जर्मनीतच सापडली आहे. श्वाबेन प्रांतातील होले फेल्स नावाच्या गुहेत २००८ साली मॅमथच्या दातातून कोरलेली सुमारे सहा सेंटिमीटर उंचीची स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे वय निदान पस्तीस हजार वर्षे मानले जाते. तिचे स्तन व कटिप्रदेश ठळक घडविले आहेत. मात्र तिला मस्तक नाही. मस्तकाच्या जागी ओवण्यासाठी एक लहानशी कडी आहे. मातृत्वाचा गौरव त्या कारागिराच्या मनात होता असे म्हणता येईल. पण त्याच्या टोळीत स्त्रीला कोणते अधिकार होते, हे ती मूर्ती सांगू शकत नाही.

मग स्त्रीचा दर्जा ओळखावा तरी कशावरून? ज्या वस्तू समाजाने एखाद्या विशिष्ट स्त्रीला दिल्या आणि तिच्यासवे भूमीत ठेवल्या, त्यांवरून काही अंशी तो ओळखता येतो. या दृष्टीने जर्मनीच्या नैर्ऋत्येस असलेल्या कायझर्सलाउटर्न शहराचा आसमंत अभ्यासण्याजोगा आहे. दाट अरण्याच्या कडेला वसलेल्या या शहराच्या नावात लाउटर हा ओढा आहे आणि कायझर म्हणजे सम्राटही आहे. बाराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने येथे राजवाडा बांधला. परंतु त्याच्या दीड हजार वर्षे आधी या टेकड्यांमध्ये केल्ट लोकांचे सरदार राहत होते.

शहराजवळच्या रोडेनबाख गावी १८७४ साली अशाच एका सरदाराचे थडगे उघडकीस आले. सोन्याचे कंकण, सोन्याची अंगठी, काशाची सुरई आणि शस्त्रे अशा वस्तू त्यात होत्या. शस्त्रे आहेत त्या अर्थी हा पुरुष, असे विद्वानांनी ठरविले. तेथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर, फ्रान्सच्या सीमेलगत राइनहाइम नावाचे गाव आहे. १९५४ साली तेथील वाळूच्या खाणीत लाकडी कोठडीचे दुसरे एक थडगे सापडले. त्याचा काळ इसवी सनपूर्व ३७० च्या सुमाराचा. मातीच्या आम्लतेमुळे हाडे पार विरघळून गेली होती. परंतु सोन्याचा गळसर, कंकणे, काशाचा आरसा आणि सोन्याचा मुलामा दिलेली मोठी झारी जशीच्या तशी राहिली. शस्त्र एकही नव्हते. यावरून ही स्त्री होती असे अनुमान करण्यात आले आणि तिला ‘राइनहाइमची राजकन्या’ हे नाव मिळाले. तिच्या गळसराच्या टोकांवर एक स्त्रीमुख आहे आणि त्याच्या मस्तकावर शिकारी पक्षी आहे. ती देवी असावी, असे पुष्कळांस वाटते.

येथे देवी आणि मानाची स्त्री एकाच थडग्यात भेटतात. तेव्हा केल्टांच्या समाजात सर्वच स्त्रिया मानाने नांदत होत्या काय? यावर एक जुनी लेखी साक्ष आहे. या काळानंतर सुमारे तीन शतकांनी रोमन सेनापती ज्युलियस सीझर याने गॉल देशातील केल्टांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. पत्नी जितका हुंडा आणी तितकेच धन पती आपल्या संपत्तीतून त्यात घाली, आणि दोघांपैकी जो मागे राही त्याला ते सर्व मिळे, असे तो नमूद करतो. ही रीत आजही अनुकरणीय वाटावी. परंतु लगेच पुढे तो लिहितो की पत्नीच्या व मुलांच्या जीवनमरणाचा अधिकार पतीच्या हाती असे. सीझर हा परका आणि शत्रुपक्षाचा होता हे लक्षात घेतले, तरी एकाच समाजात स्त्रीला धनात वाटा असतो आणि प्राणावर मात्र अधिकार नसतो, हे त्याच्या वर्णनातून ध्यानात येते. राजकन्येच्या सोन्यावरून तिच्या दासीचे जिणे कळत नाही.

पुढे रोमन अमदानीत ऱ्हाइन नदीकाठी मातृदेवतांच्या उपासनेचा मोठा प्रसार झाला. बॉन येथील वेदीशिलांवर तीन माता शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. मधली मोकळ्या केसांची कुमारिका आणि दोन्ही बाजूंस मोठे शिरोवेष्टन घातलेल्या दोन प्रौढ स्त्रिया. सप्तमातृकांचे पट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या परक्या वाटणार नाहीत. या शिला वाहणाऱ्यांत रोमन सैन्याचे अधिकारी व नगराचे कारभारी होते. मातांपुढे मस्तक नमविणाऱ्या त्या कारभाऱ्यांच्या राज्यात स्त्रीला कोणतेही राजपद मिळत नव्हते.

अलीकडे या विषयात एक नवे साधन आले आहे. हाडांतील आनुवंशिक द्रव्य तपासून मृतांचे नाते सांगता येते. स्टुटगार्टजवळच्या होखडोर्फ व आस्पेर्ग येथील दोन अतिश्रीमंत केल्ट सरदारांची अशी तपासणी झाली, आणि ते बहुधा मामा-भाचे होते असा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वारसा आईच्या बाजूने जात असावा. इंग्लंडमधील डॉर्सेट येथील लोहयुगीन दफनांवरून २०२५ साली असे दिसून आले की तेथे मुली माहेरीच राहत आणि पुरुष बाहेरून येत. हे शोध महत्त्वाचे खरेच. पण केरळातील नायर घराण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे ते जाणतात की आईकडून वारसा चालला तरी कारभार बहुधा मामाच्याच हाती राहतो. मातृवंश म्हणजे मातृसत्ता नव्हे. तरीही जन्मलेल्या घरात राहणाऱ्या मुलीस आधार अधिक, हे नाकारता येत नाही. आणि हा आधार दिला तो घराच्या रचनेने, मूर्तीने नव्हे.

महाराष्ट्राच्या भूमीतील साक्षही याहून निराळी नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी व मधुकर ढवळीकर हे त्यातील प्रमुख होत. तेथील एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणबंद पेटी सापडली. तिच्यात कच्च्या मातीची, मस्तक नसलेली स्त्रीमूर्ती होती; जोडीला मस्तक असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. काळ इसवी सनपूर्व १३०० च्या सुमाराचा. बिनशिराच्या देवीची परंपरा पुढे लज्जागौरीच्या रूपाने दख्खनभर चालत आली, रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु त्याच इनामगावात वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर होते, त्याला लागून धान्याचे कोठार होते, आणि अंगणात चार पायांच्या मोठ्या रांजणात सन्मानाने पुरलेली एक व्यक्ती होती. ती व्यक्ती पुरुष होती. देवी घरोघरी जमिनीखाली असेल. पण गावाचे कोठार कोणाच्या हाती होते, याचा अंदाज त्या रांजणावरून करता येतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतीची देवीस्थाने पायी हिंडून पाहिली आणि १९६२ साली त्यांवर लिहिले. ज्या देवींना पती नाही त्या अधिक जुन्या, आणि समाज बदलला तसे त्यांना देवांशी विवाहबद्ध करण्यात आले, असे त्यांचे मत होते. देवीचे स्वातंत्र्यदेखील कायम टिकले नाही, तेथे स्त्रीचे काय सांगावे! ज्या मनुस्मृतीत स्त्रीपूजनाचा सुप्रसिद्ध श्लोक आहे, तिच्यातच स्त्री स्वातंत्र्यास पात्र नाही असेही सांगितले आहे. गौरव करणारा श्लोक सभांतून म्हटला जातो. दुसरा मात्र कोणी म्हणत नाही.

शर्तबंद मजुरांच्या वंशजांना हा भेद पुस्तकातून शिकावा लागू नये. मॉरिशसमध्ये उसाच्या मळ्यांच्या कडेला, झाडाखाली, काळीमाईची ठाणी उभी राहिली. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या कुटुंबांनी गणपतीबरोबर गौरही आणली. त्याच मळ्यांत स्त्रिया दिवसभर राबत, आणि त्यांच्या पदरी पडणारी मजुरी पुरुषांहून कमी असे. देवीचा मान मोठा आणि बाईचा रोज लहान, अशी ही परिस्थिती होती. तिच्यात पालट झाला तो आरतीने नव्हे, अक्षराने. १९४७ च्या राज्यघटनेने प्रचलित भाषांपैकी कोणतीही लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांस, स्त्रियांसही, मताधिकार दिला. बैठकांतून रात्रीच्या वेळी अक्षरे गिरविली गेली, आणि १९४८ साली दोन स्त्रियांनी विधिमंडळात प्रवेश केला. १९५९ साली अक्षराची अटही उरली नाही.

यावरून देवीची उपासना व्यर्थ आहे असा अर्थ कोणी काढू नये. जी जात गौरीला माहेरवाशीण समजून घरी आणते, तिच्या मनात मुलीविषयी माया असतेच. प्रश्न एवढाच की त्या मायेला अधिकाराची जोड मिळते की नाही. घरजमिनीच्या कागदावर मुलीचे नाव आहे काय? उच्च शिक्षणासाठी पैसा अपुरा पडला तर आधी कोणाचे शिक्षण थांबते? उत्सवात नैवेद्य रांधणाऱ्या स्त्रिया कार्यकारी मंडळाच्या बैठकीत बसतात काय, आणि बसल्या तर त्यांचे मत विचारले जाते काय? पुढील काळातील संशोधक आजची घरे उकरतील तेव्हा त्यांना देव्हारे पुष्कळ सापडतील. परंतु स्त्रीच्या दर्जाचा निवाडा ते देव्हाऱ्यावरून करणार नाहीत. कोठाराची किल्ली कोणाच्या हाती होती, हेच ते प्रथम पाहतील.