मुक्तिसंग्रामाची अर्धी आठवण

हैदराबाद संस्थानाने 1948 या एकाच वर्षात बंदुकीचा अंमल दोनदा पाहिला. सप्टेंबरपर्यंत गावोगाव कासिम रझवीच्या निजामसमर्थक सशस्त्र रझाकारांची दहशत होती. 17 सप्टेंबरला भारतीय लष्कराच्या ‘पोलीस ॲक्शन’पुढे निजामाने शरणागती पत्करली, मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि 1949 च्या अखेरपर्यंत कारभार लष्कराकडेच राहिला. दोन्ही अंमल एका मापाने मोजण्याचे अर्थातच कारण नाही. पण तेव्हा या संस्थानात असलेल्या मराठवाड्याच्या सार्वजनिक स्मरणात पहिलाच उरला आहे, तोही वर्षातून एका सकाळपुरता.

दर 17 सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी ध्वजवंदन होते, मुख्यमंत्री घोषणा करून जातात. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांची नावे घेतली जातात, ती घ्यायलाच हवीत. शोएबुल्लाखान यांचे नाव मात्र क्वचितच कानी पडते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे हे संपादक संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहीत राहिले, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. रझाकारांना विरोध करणारा मुसलमान संपादक कोणाच्याच भाषणाला सोयीचा नसावा.

त्याहून अडचणीचे आहेत ते शरणागतीनंतरचे आठवडे. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि सहकाऱ्यांनी संस्थानात फिरून पाहणी केली. त्यांच्या अंदाजाने या काळात 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, बहुतेक मुसलमान. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांना बसली. हिंदू विणकरांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान विणकरांना वाचवल्याचेही याच अहवालात नोंदले आहे. अहवाल दशकानुदशके दाबून ठेवल्यामुळे हत्यांबरोबर ही माणुसकीही झाकली गेली.

जुन्या जखमा उकरल्या तर धार्मिक राजकारणाला खतपाणी मिळेल, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण आठवण पुसली गेलेलीच नाही. शहरातील गारखेड्यासारख्या वसाहतींत जालना, बीड, परभणीच्या खेड्यांतून आलेली कितीतरी घरे आहेत. तिथले म्हातारे अजूनही आपले वय ‘पोलीस ॲक्शन’च्या सालावरून सांगतात. अशी आठवण कागदावर आली नाही, तर पुढच्या पिढीपर्यंत अफवा होऊन पोहोचते, आणि राजकारणाला तेच हवे असते. आठवण कागदावर आणल्याने काय साधते, हे अर्जेंटिनात दिसले. तिथे 1976 ते 1983 लष्करी हुकूमशाही होती. ती संपताच सरकारने आयोग नेमला, बेपत्ता झालेल्या सुमारे 9 हजार लोकांची नोंद केली आणि 1984 मध्ये अहवाल पुस्तकरूपाने लोकांच्या हाती दिला. त्याने भांडणे मिटली नाहीत. निदान ती नोंदींच्या आधारे होऊ लागली.

1948 मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीकडे झुकले आहे. इथल्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाने या पिढीचे कथन, दोन्ही समाजांतले, ताबडतोब ध्वनिमुद्रित करावे आणि राज्य सरकारने सुंदरलाल समितीचा अहवाल रझाकारांच्या अत्याचारांच्या नोंदींसह मराठीत छापावा. ध्वजवंदनाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळच ठरेल.

— एक वाचक, गारखेडा, छत्रपती संभाजीनगर