देवनारच्या गिऱ्हाइकाला बोकड दाखवताना



बकरी ईद जवळ आली की गोवंडीशेजारी देवनारच्या बाजारात गावोगावचे बोकड उतरतात. हल्ली मुंबईचे गिऱ्हाईक बोकड आधी मोबाइलवर पाहते. घरची मुले व्हिडिओ हौसेने काढतात. पण त्यावर सिनेमाचे गाणे कशाला? गिऱ्हाइकाला दात पाहायचे असतात. कुर्बानीला वर्ष पुरे झालेला, लंगडा, आंधळा वा कान तुटलेला नसलेला बोकड लागतो. तेव्हा ओठ उचलून दात दाखवा. पुढचे दोन पक्के दात साधारण सव्वा वर्षाला येतात. मग दहा पावले चालवा. वजन सकाळी चारण्यापूर्वी करा, काट्यावरचा आकडा दिसू द्या. उस्मानाबादी असेल तरच उस्मानाबादी म्हणा.

आमच्या ओळखीच्या एकाने खाली बसून व्हिडिओ काढला. बोकड घोड्याएवढा दिसला! गिऱ्हाईक गाडीभाडे खर्चून आले, बोकड पाहिला, चहा घेऊन परत गेले. म्हणून शेजारी माणूस उभा करा, उंचीचा अंदाज येतो.

व्हिडिओत बोलायला मात्र घरधनिणीला पुढे करा. रोजचा चारापाणी तीच करते. बोकड काय खातो, कशाला बुजतो, हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला तीच नीट सांगेल.