शिपायाची जबानी

सातारा, रत्नागिरी, पुणें वगैरे जिल्ह्यांतील कित्येक गांवीं चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतींत बसविलेली एक लहानशी शिळा आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास ह्या गांवांतून इतके लोक गेले व त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच तिजवर मजकूर. नांव एकाचेंही नाहीं. खात्यावर नांव न घालतां नुसती रक्कम मांडणाऱ्या सावकाराची वही कोणतें कोर्ट पुराव्यांत घेईल? परंतु माणसांच्या प्राणांचा हिशेब ह्याच रीतीनें ठेवला गेला, आणि त्यांत कांहीं वावगें आहे असें आम्हांसही वाटलें नाहीं.

मेसोपोटेमियांतील कुतचेंच उदाहरण घ्या. सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ ह्या तीन मराठा पलटणी होत्या. ही फौज डिसेंबर १९१५ मध्यें कुत येथें तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली. वेढा १४७ दिवस चालला. धान्य सरत आलें, घोड्याचें मांस वाटूं लागले, आणि घरीं गेल्यावर जातवाले काय म्हणतील ह्या धास्तीनें पुष्कळ हिंदी शिपाई कित्येक आठवडे तें तोंडास लावीनात. तोफेच्या माऱ्यांतही ज्या बंधनानें त्या बिचाऱ्यांस सोडलें नाहीं, त्याचा दोष कोणा गोऱ्या जनरलाच्या माथीं मारतां येत नाहीं. तो आमचा आहे. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३ हजार लोक शत्रूच्या हातीं पडले. सेनापति टाउनशेंड ह्यांस कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सुखाची नजरकैद मिळाली, व १९२० सालीं त्यांनीं आपल्या मोहिमेचें पुस्तकही छापलें. शिपाई मात्र वाळवंटांतून पायीं हांकले गेले. कित्येक वाटेंत पडले, कित्येक रास-अल-ऐन येथें रेल्वेच्या कामावर खपले. जे जगले ते घरीं येऊन पुन्हां नांगरास लागले.

त्याच कैदेंतून सुटलेल्या शिशिरप्रसाद सर्वाधिकारी ह्या बंगाली गृहस्थांच्या आठवणी १९५७ सालीं बंगालींत प्रसिद्ध झाल्या. मराठा शिपायाचें तसलें एखादें बाड कोणाच्या माळ्यावर पडलें असेल तर त्यानें तें अवश्य पुढें आणावें. बसऱ्याच्या स्मारकावर १९२९ सालीं हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं. साध्या हिंदी शिपायांची केवळ संख्या. २०२१ सालीं युद्धसमाधि कमिशननें ह्या भेदाबद्दल माफी मागितली. माफी मिळाली, जबानी आतां मिळणें नाहीं, कारण साक्षीदार मयत आहेत.

ते परक्या सरकारचे चाकर होते, त्यांचें कौतुक कशास, असें कोणी म्हणेल. त्या साम्राज्याचें प्रेम आम्हांसही नाहीं. त्यानें युद्धसेवेचें इनाम म्हणून १९१९ सालीं रौलट कायदा व जालियनवाला बाग दिली. परंतु म्हणून शिपायाचें नांव गाळण्याचा अधिकार आम्हांस प्राप्त होत नाहीं.

शिवाय प्रश्न केवळ गतकालाचा नाहीं. १९७१ सालीं विशींत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६५ चा त्याहूनही वृद्ध. साक्षीदार आजारी वा जर्जर असेल तर दिवाणी कोर्ट कमिशन नेमून घरीं त्याची जबानी घेववितें. येथें तसें कांहीं होत नाहीं. पंधरा ऑगस्टला पुढाऱ्यानें त्यास शाल-श्रीफळ द्यावें, स्वतः तासभर बोलावें आणि त्यास एक शब्दही विचारूं नये, असला सत्कार पाहून आम्हांस शरम वाटते.

विचारावयाचें तें शत्रु किती मारले एवढेंच नव्हे. पहिला सोबती पडला तेव्हां काय झालें, इस्पितळांत किती महिने गेले, गांवीं परतल्यावर झोंप लागे कीं नाहीं, जखमेच्या पेन्शनीसाठीं किती हेलपाटे घातले, हें विचारावें. म्हातारा 'कांहीं आठवत नाहीं' म्हणाला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें. त्याच्या बायकोस वेगळें विचारावें. रात्रीं तो ओरडून उठे, तें तिनें ऐकलेलें असतें.

माजी सैनिकांची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत असते. तेथून पत्ते घेऊन तालुक्याच्या वाचनालयानें दोन-चार शिक्षक व वकील ह्या कामीं नेमावेत, आणि कागदाचा व छपाईचा खर्च पेठेंतील व्यापाऱ्यांनीं उचलावा. जबानी मराठींत, त्याच्याच शब्दांत लिहावी. त्यास वाचून दाखवून सही घ्यावी. एक प्रत त्याच्या घरीं व एक वाचनालयांत ठेवावी.