विहिरीला विचारलं का?

गेल्या वर्षी आमच्या बस्तीच्या अंगणात गुळगुळीत ग्रॅनाइट बसवलं. कमिटीनं ठरवलं, पंचांनी मान डोलावली, देणगीदारांची पाटी लागली. "पावसात चिखल होतो, बायकांच्याच साड्या भरतात," असं वर आम्हालाच सांगितलं. मी विचारलं, "आणि विहिरीचं काय?" एक काका हसले. "फरशीचा नि विहिरीचा काय संबंध? ते भूगोलातलं तुम्हाला कशाला?"

संबंध सांगते. त्यासाठी पुस्तक उघडायला नको, परसदारी चला.

आमच्या बेळगावात जुन्या घरांच्या भिंती जांभ्याच्या. जांभ्याच्या चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओता, बघता बघता जिरतं. लाखो वर्षांच्या उन्हापावसानं खडक कुजला, विरघळणारं वाहून गेलं, लोखंड मागं राहिलं. म्हणून तो लाल आणि भोकाभोकांचा. त्याच्याखाली काळा दगड, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा. त्यात पाणी शिरतं ते फटींतूनच. म्हणजे वरचा जांभा पाणी पितो, खालचा काळा दगड ते धरून ठेवतो आणि मधलं पाणी झिरपत विहिरीला येतं. आता तोच तांब्या ग्रॅनाइटवर ओता. पाणी थेट गटारीत! एवढाच भूगोल आहे, काका.

हे आम्हाला कळत नाही म्हणता? माझ्या सासूबाई कुठल्या महिन्यात दोराला किती हात लागतात ते तोंडपाठ सांगायच्या. वर्षानुवर्षांची ती नोंदच होती, पण तिला कुणी विज्ञान म्हटलं नाही. आज बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. त्यावर लिंबू पिळा, फसफसतो. तो चुना. खोल दगडात मुरलेलं पाणी दगडातलं विरघळवून वर आणतं. हेही आम्हीच रोज घासतो.

या वैशाखात आमच्या विहिरीच्या दोराला चार हात जास्त लागले. पाऊस कमी झाला, म्हणतात. असेलही. पण जो पडला तो तरी जमिनीत जाऊ दिला का?

आपण पृथ्वीकायिक, जलकायिक जीवांची नावं घेतो. उगाच माती उकरणं, पाणी सांडणं हा अनर्थदंड, हे लहानपणापासून ऐकतो. पाणी गाळतो आणि गाळण्यातले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडतो. मग विहीरच आटली तर ते सोडायचे कुठं? बोअरच्या पाइपात? पायाखालच्या पृथ्वीकडं न बघता पाळलेली अहिंसा अर्धीच राहते, असं मी म्हणते. कुणाला राग आला तर येऊ दे.

चिखल नको, हे मलाही मान्य. मग जांभ्याच्या फरश्या सांधे न भरता बसवा. छपराचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून विहिरीकडं न्या. आपल्याला गाळणं काही नवं नाही!

बायांनो, येत्या सभेला या. बोलायला जमलं नाही तर दोन तांबे पाणी तेवढं आणा. पंचांसमोर एक जांभ्यावर ओता, एक ग्रॅनाइटवर. तेवढं पाणी सांडल्याचा दोष माझ्या माथी.