पाचशे तास, पण कोणाच्या हिशोबात?

डी. फार्मसीच्या विद्यार्थ्याला १९९१ च्या नियमांनी किमान तीन महिन्यांचे, ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचे केले. त्यातले निदान २५० तास डॉक्टरची चिठ्ठी वाचून औषध देण्यात जावेत, असेही बजावले. २०२० च्या नव्या नियमांतही ५०० तास कायम आहेत. या सक्तीला आमचा विरोध नाही. चुकीची गोळी गेली तर जीव जातो, आणि तो बहुधा गरिबाचा जातो.

पण हे तास भरतात कसे? ज्याच्या बापाचे मेडिकल आहे त्याला सहीची चिंता नाही. आमच्या वस्तीतला मुलगा तालुक्याच्या दुकानात तीन महिने खोकी उचलतो, फळ्या पुसतो. चिठ्ठी त्याच्या हाती येतच नाही. वर एसटीचे भाडे पदरचे! एमबीबीएसच्या इंटर्नला विद्यावेतन मिळते, ते वाढावे म्हणून संपही होतात. याच्या तासांची मोजदाद होते, मोल नाही.

सरकारी रुग्णालयात प्रशिक्षण घेण्याची मुभा नियमातच आहे. मग जिल्हा रुग्णालयांत या मुलांसाठी जागा राखून सामाजिक न्याय विभागाने विद्यावेतन का देऊ नये? आमच्या विद्यार्थी संघटनांनी हे निवेदन घेऊन आधी जिल्हा शल्यचिकित्सकांना गाठावे.